शनिवारचे फोटो

मुंबईहून फोन आला तेव्हा दर्शना पिलणकर शाळेच्या ग्रंथालयात पानं सुटलेल्या पुस्तकांना डिंक लावत बसली होती. फोनवरच्या तरुण बाईने आपलं नाव श्रद्धा सांगितलं. सिनेमांसाठी आणि वेब सिरीजसाठी नट-नट्या शोधून द्यायचं काम ती करत होती. दर्शनाच्या स्पर्धेतल्या नाटकाचा कुणीतरी मोबाइलवर घेतलेला तुकडा तिच्यापर्यंत पोचला होता, आणि तो तिला आवडला होता.

"एक आईची भूमिका आहे, मॅडम. कोकणातली बाई, वय पंचेचाळीसच्या आसपास. तुमचे फोटो लागतील. मोबाइलवरचे नकोत हं, स्टुडिओतले नीट काढलेले हवेत. समोरून, दोन्ही बाजूंनी. मेकअप नाही, दागिने नाहीत, साधे कपडे. आणि नाटकातला एखादा तुकडा बोलून दाखवलेला छोटा व्हिडिओ. रविवारपर्यंत जमेल?"

"जमेल की," दर्शना म्हणाली. फोन ठेवायला गेली तर तो डिंकाने बोटांना चिकटला होता.

तिचं वय पंचेचाळीस नव्हतं, बावन्न होतं. हे फोनवर सांगायला हवं होतं हे तिच्या लक्षात आलं, पण तोवर फोन बंद झाला होता. पुन्हा लावून सांगायचा धीर झाला नाही.

तसं पाहिलं तर दर्शना रंगमंचाला नवखी नव्हती. लग्न होऊन रत्नागिरीत आल्यावर दुसऱ्याच वर्षी तिने हौशी नाटकात काम केलं, आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात तिचं एक नाटक ठरलेलं. उंच अंगकाठी, जाडसर नाक, घोगरा आवाज. त्यामुळे पंचविशीतच तिच्या वाट्याला सासवा, आत्या आणि आज्या आल्या. केसांना पांढरी पावडर चोपडायची, कपाळावर पेन्सिलीने रेघा ओढायच्या आणि वाकून चालायचं. लोक टाळ्या वाजवायचे ते त्या म्हातारीला. दर्शनाचा स्वतःचा चेहरा, रेघा पुसलेला आणि पावडर धुतलेला, कधी कुणाला दाखवायची वेळच आली नव्हती. लग्नातले फोटो सोडले तर तिचा एकटीचा धड एक फोटो घरात नव्हता.

घर रत्नागिरीच्या नाचणे भागात होतं, तीन खोल्यांचं, मागे थोडं परस. घरात ती, सासू सावित्री आणि गेल्या वर्षापासून नवरा. दीपक पिलणकर बोटीवर होता. खलाशी म्हणून चढला आणि बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, होऊन उतरला. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर आणि उरलेले घरी, असा त्याचा जन्म गेला. घरी असायचा तेव्हा पाऊस तरी असायचा नाहीतर आंबे. नाटकाच्या दिवसांत तो नेमका कुठल्या तरी परक्या बंदरात असायचा. दर्शनाचं एकही नाटक त्याने पाहिलं नव्हतं. सावित्रीने मात्र सगळी पाहिली होती, पहिल्या रांगेत बसून. मध्यंतरात ती शेजारणीला सांगायची, "ती म्हातारी आहे ना, ती माझी सून."

आता पाठीच्या दुखण्याने दीपक कायमचा घरी आला होता. एकाच घरात बारा महिने राहायची दोघांनाही सवय नव्हती. भांडण असं नव्हतं. पण दर्शना स्वयंपाकघरात असली की तो पडवीत जाई, आणि ती पडवीत आली की तो पंपाला तेल घालायला परसात जाई.

त्या संध्याकाळी तिने जेवताना फोनचं सांगितलं. सावित्रीने हात धुवायचे सोडून तिच्याकडे पाहिलं. "सिनेमात?"

"फोटो पाठवायचेत नुसते. काही नक्की नाही."

दीपकने माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. "मुंबईला जावं लागेल?"

"निवड झाली तर. थोडे दिवस."

"हं," तो म्हणाला आणि दुसरा काटा काढू लागला. ते 'हं' दर्शनाला भांडी घासताना पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिलं.

मारुती मंदिराजवळ हर्षदचा स्टुडिओ होता. मुलगा मुंबईत शिकून आलेला, हात चांगला म्हणून नावाजलेला. लग्नाआधीचे फोटो काढायला तो जोडप्यांना आरे-वारेच्या किनाऱ्यावर न्यायचा. दर्शनाने फोन केला तेव्हा त्याने शनिवारची सकाळ दिली. रविवारी दापोलीला लग्न होतं, पुढे सगळ्या तारखा भरलेल्या.

"एकच सांगतो, ताई," तो म्हणाला. "शनिवारपर्यंत चेहऱ्यावर, केसांवर नवीन काही करू नका. फेशियल नको, ब्लीच नको. बऱ्याच जणी आदल्या दिवशी काहीतरी करून येतात आणि मग रडतात. रंग एकच असलेले दोन कपडे आणा, फुलाफुलांचं नको. पाणी भरपूर प्या, झोप काढा. बाकी माझ्यावर सोडा."

"हो, हो," दर्शना म्हणाली. तिने ते ऐकलंही होतं. पण त्याच रात्री झोपण्यापूर्वी ती कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तिने स्वतःकडे असं पाहिलं, जसं कुणी परका माणूस पाहील.

पहिल्यांदा तिला दिसल्या त्या तोंडाच्या कडेच्या रेघा. मग गळ्याची सैल कातडी. डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित लहान होता, हे तिला बावन्न वर्षांत कधी कळलं नव्हतं. तिने मोबाइल समोर धरून एक फोटो काढला, पुसला, दुसरा काढला. सगळ्यात वाईट दिसत होते केस. वर्षानुवर्षं मेंदी लावून लावून ते टोकांना नारिंगी झाले होते, मुळाशी पांढरे, मधेच काळपट. पंचेचाळीस वर्षांची बाई अशी दिसत नाही. श्रद्धाला वाटेल, आपल्याला फसवलं. तिने पाहिलेल्या तुकड्यात दर्शनाच्या डोक्यावर पदर होता.

दुसऱ्या दिवशी तिने तीन साड्या आणि दोन कुडते काढून पलंगावर पसरले. शाळेत मधल्या सुट्टीत तिने डावी बाजू बरी की उजवी, ते दोन शिक्षिकांना विचारलं. एक डावी म्हणाली, दुसरी उजवी. मुलांना पुस्तकं देताना तिने एकाच्या कार्डावर दुसऱ्याचं नाव लिहिलं. रात्री झोप लागेना. झोप लागली नाही तर डोळे सुजतील, या धास्तीने तर आणखीच लागेना.

बुधवारी शाळा सुटल्यावर तिने राम आळीतून केसांना लावायच्या काळ्या रंगाचं पाकीट आणलं. पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की आधी कानामागे थेंबभर लावून दोन दिवस थांबावं. जन्मभर पुस्तकांत बसलेली बाई, तिने ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. दोन दिवस थांबलं तर शुक्रवार उजाडेल, मग रंग ताजा ताजा दिसेल, कपाळाला डाग राहतील. तिने स्वतःशी म्हटलं, मेंदी कधी बाधली नाही, हे काय बाधणार? आणि न्हाणीघराचं दार लावून तिने सगळं पाकीट डोक्याला चोपडलं.

केस धुऊन ती बाहेर आली तेव्हा दीपक टीव्हीसमोर बसला होता. त्याने मान वर करून पाहिलं. केस कोळशासारखे काळे झाले होते, आत मुळांशी तेवढा रंग धड चढला नव्हता, आणि खाली तिचा चेहरा एकदम पांढुरका दिसत होता.

"बरे आहेत?" तिने विचारलं.

"वेगळं दिसतंय," तो म्हणाला.

खाज रात्रीच सुरू झाली होती. सकाळी तिला जाग आली ती डोळे उघडेनात म्हणून. हाताने चाचपलं तर कपाळ, पापण्या, कान, सगळं फुगून टणक झालं होतं. ती भिंत धरत आरशापाशी गेली. डोळ्यांच्या जागी दोन चिरा होत्या आणि केसांच्या कडेने लालभडक पट्टा उठला होता.

सावित्री चहाचा कप घेऊन दारात आली आणि तिथेच थबकली. "अगो, तोंड कशानं सुजलाय तुझा? गांधीलमाशी चावली काय?"

दर्शना पलंगाच्या कडेला बसली आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. दीपक आला, त्याने तिचे हात बाजूला केले, एकदा नीट पाहिलं आणि विचारलं, "श्वास लागतोय का? घसा आवळतोय?"

तिने मान हलवली, नाही.

"चल," तो म्हणाला. "ओढणी घे डोक्यावरून."

माळनाक्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या आणि टाळू तपासताना ओठ आवळले. टाळूवर जागोजागी फोड येऊन पाणी सुटत होतं. "केसांना पुन्हा कधीही काळं लावायचं नाही. कधीही म्हणजे कधीही. या वेळी तोंडावर निभावलं, पुढच्या वेळी घशाशी येईल. आणि हे औषध टाळूला लागलं पाहिजे. एवढ्या केसांतून ते पोचणार नाही. कमी करता आले तर बघा."

"कमी म्हणजे किती?"

"जितके करता येतील तितके."

"माझे शनिवारी फोटो आहेत," दर्शना म्हणाली. हे बोलताना आपलाच आवाज तिला लहान मुलीसारखा वाटला. डॉक्टरीणबाईंनी बोटाने तिच्या पापण्या चाचपून पाहिल्या. मग म्हणाल्या, "सूज तोवर बरीचशी उतरेल. सगळी उतरेल असं मी सांगत नाही."

घरी येऊन तिने हर्षदला फोन लावला. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "रद्दच करा तुम्ही. माझ्याच हाताने मी करून घेतलं."

तुम्हाला बजावलं होतं, असं तो म्हणेल म्हणून ती वाट बघत होती. तो म्हणाला, "शनिवारची वेळ मी दुसऱ्या कुणाला देत नाही, ताई. सकाळी या. बघू. काढण्यासारखं नसलं तर नाही काढायचे."

गुरुवारचा उरलेला दिवस ती बर्फाच्या पुरचुंड्या डोळ्यांवर ठेवून पडून राहिली. डोळे मिटले की वेगवेगळ्या गोष्टी डोळ्यांसमोर येत. श्रद्धा फोटो उघडते आणि शेजारच्या माणसाला दाखवते. शाळेत सगळे विचारतात, काय झालं त्या सिनेमाचं? बावन्नाव्या वर्षी कसली ही हौस, असं कुणी बोललं नव्हतं, पण तिला ते ऐकू येत होतं, तेही निरनिराळ्या ओळखीच्या आवाजांत.

शुक्रवारी सकाळी सूज थोडी ओसरली होती. डोळे उघडत होते. टाळूची आग मात्र तशीच होती. केस कापायचे तर पार्लरमध्ये जायला हवं. ते पाझरणारं डोकं त्या खुर्चीत बसून, त्या सगळ्या आरशांसमोर कुणाला दाखवायचं, या विचारानेच तिला घाम फुटला. ती पडवीत कात्री घेऊन बसली होती, सुरुवात कुठून करावी ते न कळून.

"मी कापतो," दीपक दारातून म्हणाला.

"तुम्ही?"

"बोटीवर मीच कापायचो. सगळ्यांचे. कॅप्टनचेसुद्धा."

लग्नाला अठ्ठावीस वर्षं होत आली होती आणि हे तिला ठाऊक नव्हतं. तो आत गेला आणि आपल्या जुन्या पत्र्याच्या पेटीतून कात्री, फणी आणि केस कापायचं मशीन घेऊन आला. कात्री त्याने डेटॉलच्या पाण्यात बुडवली. परसात खुर्ची मांडली, तिच्या खांद्यावर जुनी चादर गुंडाळली.

"हलू नकोस. बोट डोलायची तेव्हापण मी कुणाला कापलं नव्हतं."

तो हळूहळू कापत गेला. जिथे फोड होते तिथे केस बोटांनी उचलून, कातडीला कात्री लागू न देता. दर्शनाने डोळे मिटून घेतले होते. काळे लांब केस चादरीवरून घसरून तिच्या पायांशी पडत होते. सावित्री पायरीवर बसून सगळं बघत होती. मग म्हणाली, "कोणी विचारलान तर टायफॉइड झालेला म्हणून सांग."

शेवटी त्याने मशीन फिरवलं. डोक्याला वारा लागला तसं दर्शनाला एकदम उघडं पडल्यासारखं वाटलं. तिने हात वर नेला. बोटांना लागलं ते खरखरीत, पेरभरसुद्धा लांब नव्हतं. टोकांचा काळा रंग सगळा गेला होता. उरले होते ते मुळाचे पांढरे केस, मधूनमधून करडे.

"आरसा आणू?" दीपकने विचारलं.

"नको."

तो खाली वाकून केस गोळा करू लागला. त्याची पाठ दुखत होती हे तिला त्याच्या वाकण्यावरून कळलं, पण ती उठली नाही. तिला रडायला येत होतं, आणि रडलं तर उद्या पुन्हा डोळे सुजतील, म्हणून ती दात आवळून बसून राहिली.

शनिवारी सकाळी तिने ठरवलेली हिरवी साडी नेसून पाहिली. त्या डोक्याखाली ती साडी कुणाकडून तरी मागून आणल्यासारखी दिसली. मग राखाडी कुडता घातला, काढला, मग निळा. शेवटी तिने सगळं पलंगावर टाकलं आणि घड्याळाकडे बघत उभी राहिली. उशीर होत होता.

"निळा," दीपक म्हणाला. तो तयार होऊन दारात उभा होता. तो येणार आहे हे तिला माहीत नव्हतं.

"आणि हे?" तिने गळ्यातल्या मंगळसूत्राला हात लावला. "दागिने नको म्हणाल्यात."

"मग काढ. मी कुठे बोटीवर कधी अंगठी घातली? दोरखंडात अडकून बोट तुटतं."

तिने ते काढून सासूच्या हातात दिलं. सावित्रीने काही न बोलता ते आपल्या गळ्यात अडकवलं.

स्टुडिओ पहिल्या मजल्यावर होता. दर्शनाने दारात ओढणी काढली. हर्षद बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतंय ते ती जीव मुठीत धरून पाहत होती, आणि तिला काहीच उमगलं नाही. तो पुढे आला, खिडकीचा पडदा सारून त्याने तिला उजेडाकडे वळायला सांगितलं.

"डोळ्यांखाली अजून सूज आहे. लाइट जरा वरून नको देऊया, म्हणजे ती कमी दिसेल. कपाळाचा लालपणा दिसणारच." मग तो थांबला. "पण आधी मुंबईला फोन करा, ताई."

"कशाला?"

"त्यांनी केसवाली बाई पाहिलीय. फोटो उघडल्यावर कळण्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं बरं."

हेच ती गेले दोन दिवस टाळत होती. तिने जिन्यात जाऊन फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं, वयसुद्धा. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"बावन्न चाललं असतं," श्रद्धा शेवटी म्हणाली. "पण केस... त्या आईला मुलगी तेल लावते असा मोठा सीन आहे. विग लावून जवळून ते फसतं. मी दिग्दर्शकांना विचारेन. पण खरं सांगू का, मॅडम, कठीण वाटतंय."

"मग फोटो पाठवू की नको?"

"तुमचा खर्च होणार ना. तुम्ही ठरवा."

ती परत आत आली. हर्षद आणि दीपक दोघेही तिच्याकडे बघत होते. "कठीण आहे म्हणाल्या," तिने सांगितलं. मग स्टुलाकडे पाहत म्हणाली, "बसू का इथे?"

हर्षदने फोटो काढायला घेतले. समोरून, डावीकडून, उजवीकडून. दर्शनाने आयुष्यात एवढं अवघड काम केलं नव्हतं. बसायचं आणि काही करायचं नाही. हात मांडीवर ठेवले तर ते दुसऱ्या कुणाचे वाटत होते.

"ताई, तुम्ही काहीतरी करताय."

"काही नाही करत."

"भुवया उचलताय. कुणाची तरी आई होताय. नका होऊ. नुसत्या बसा."

नुसतं बसता येईना. चार वेळा थांबावं लागलं, पाणी प्यावं लागलं. पंख्याच्या वाऱ्याने टाळू चरचरत होती. एकदा तर ती उठून म्हणाली, पुरे करूया. हर्षद दिव्याचं तोंड फिरवत राहिला, आणि ती परत बसली. दीपक भिंतीकडेच्या खुर्चीवर होता, हाताची घडी घालून. त्याच्यासमोर हे सगळं होतंय याची तिला लाज वाटत होती आणि तो तिथे नसता तर ती केव्हाच निघून गेली असती, हेही तिला कळत होतं.

मग व्हिडिओ राहिला. "नाटकातलं कुठलंही," हर्षद म्हणाला. "इकडे काचेत बघून बोला."

स्पर्धेतल्या नाटकात एक आई होती. तिचा मुलगा बऱ्याच वर्षांनी घरी येतो आणि ती त्याच्याशी बोलते. दर्शना उभी राहिली. पहिलं वाक्य म्हटलं आणि दोन दिवसांत प्रथमच तिचे खांदे खाली आले.

"ये. बस. पाणी देऊ? पाहुण्याला आधी पाणी विचारतात. तू यायचास तेव्हा मी घर झाडायची, तुझी चादर उन्हात घालायची. सगळ्यांना वाटायचं, हिला किती आनंद झालाय. झालेला असायचाच. पण तू गेलास ना, की मी दार लावून घ्यायची आणि मला हायसं वाटायचं. माझं घर मला परत मिळायचं. हे मी कुणाला सांगणार होते? आता म्हणतोस कायमचा आलोय. मला तुझी वाट बघता येते रे. तू असताना काय करायचं, ते मला कुणी शिकवलं नाही."

ती थांबली. खोलीत कॅमेऱ्याची बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती. तिने भिंतीकडे पाहिलं तर खुर्ची रिकामी होती.

ही वाक्यं तिने तालमीत शंभरदा म्हटली होती, स्पर्धेत म्हटली होती, आणि ती दीपकच्या कानावर कशी पडतील हा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता. ती चपला न घालताच बाहेर गेली. तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला होता, रस्त्यावरच्या रिक्षा बघत.

"ते नाटकातलं आहे," ती म्हणाली. "दुसऱ्याने लिहिलेलं."

"माहीत आहे."

"मग उठून का आलात?"

"मला वाटलं, तू मलाच बोलतेयस. नंतर कळलं नाटक आहे. पण तोवर उठलो होतो."

स्कूटरवर बसल्यावर तो नाचण्याकडे वळला नाही. शिरगावच्या रस्त्याला लागला. तिने विचारलं नाही. आरे-वारेच्या वरच्या वळणावर त्याने स्कूटर थांबवली. खाली समुद्र उन्हात चमकत होता. दोघे कठड्यावर बसले. दर्शनाने ओढणी डोक्यावर घट्ट ओढून घेतली.

"खरंच हायसं वाटायचं?" त्याने विचारलं.

खोटं बोलावं असं तिला क्षणभर वाटलं. "कधीकधी," ती म्हणाली. "दोन-तीन दिवस. मग परत कॅलेंडर बघायला लागायची."

त्याने मान हलवली. "मला बोटीवर चढलं की वाटायचं. जिथे काय करायचं ते मला ठाऊक होतं तिथे आलो, असं." मग समुद्राकडे बघत तो म्हणाला, "तू मुंबईला गेलीस तर मी घरात काय करायचं, हेच मी सोमवारपासून धरून बसलोय. गॅसची टाकी कधी लावली ते मला माहीत नाही. आईच्या गोळ्या कुठल्या ते माहीत नाही. तुला जाऊ नको म्हणायचं नव्हतं. म्हणून गप्प होतो."

दर्शनाला वाटलं होतं, तो रागावलाय. पाच दिवस तिने त्याच्या त्या 'हं'चे नाही नाही ते अर्थ लावले होते. "आता कुठली मुंबई," ती म्हणाली. "ते गेलंच."

"फोटो पाठवणार आहेस ना?"

"पाठवते. काढलेतच आहेत तर."

रविवारी दुपारी हर्षदने दापोलीहून फोटो धाडले. सगळे मिळून एकवीस होते आणि पहिल्यांदा बघताना तिला एकही बघवेना. मोबाइल तिने पालथा घालून ठेवला. सावित्रीने तो उचलला, डोळ्यांजवळ नेऊन एकेक फोटो बघितला, मधेच एका फोटोवर थांबली आणि म्हणाली, "ह्यात तू माझ्या आत्येसारखी दिसतेस. मिऱ्यावरची. तिला सगळे टरकून असायचे." तो फोटो समोरून काढलेला होता. कपाळ लाल, डोळ्यांखाली सूज, डोक्यावर पांढरे खुंट. त्यातली बाई काहीच करत नव्हती. दर्शनाने तो आणि आणखी तीन निवडले, व्हिडिओ जोडला आणि सगळं पाठवून दिलं.

पुढच्या आठवड्यात निरोप आला. आईची भूमिका दुसऱ्या कुणाला दिली होती. हे होणार हे तिला ठाऊक होतं, तरी तो दिवसभर तिला कशातच लक्ष लागलं नाही. शाळेत कुणी विचारलं तर ती सरळ सांगायची, नाही झालं. केसांचं कुणी विचारलं तरी खरं तेच सांगायची. टायफॉइडची गरज पडली नाही.

शिमग्याच्या आसपास श्रद्धाचा पुन्हा फोन आला. दुसरंच काम होतं. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर, कडक बाई, तीन-चार प्रसंगांची भूमिका. तिथल्या दिग्दर्शकांनी तो समोरून काढलेला फोटो पाहिला होता आणि व्हिडिओ दोनदा बघितला होता. चित्रीकरण दापोलीत होतं. "केस तेवढेच राहू देत हं, मॅडम," श्रद्धा म्हणाली.

दापोलीला रेल्वे नाही, म्हणून दीपकने तिला रहाटाघरच्या स्टँडवर एसटीत बसवून दिलं. खिडकीखाली उभा राहून तो दोनदा म्हणाला, पोचलीस की फोन कर. गाडी सुटली आणि चिपळूण येईपर्यंत दर्शनाने खिडकीची दांडी सोडली नाही. आपल्याला जमणार नाही, आपल्याला बघून त्या लोकांना फसल्यासारखं होईल, हे सगळं ती पुन्हा पहिल्यापासून मनात म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगभूषाकाराने तिला खुर्चीत बसवलं तेव्हा फोन वाजला. दीपक होता.

"कुळथाच्या पिठीला पाणी आधी की पीठ आधी?"

"पाणी. उकळू द्या, मग पीठ हळूहळू. गुठळ्या होऊ देऊ नका. आणि आमसूल शेवटी."

"आई म्हणते आमसूल आधी."

"मग त्यांचं ऐका," ती म्हणाली. बाहेर कुणीतरी तिचं नाव पुकारत होतं. तिने फोन बंद करून पर्समध्ये टाकला, कुडत्याला ओले तळवे पुसले आणि ती उठून उभी राहिली.